अभ्यास झाला की नाही, हे आपलं आपल्याला कसं कळणार?

अभ्यासाला बसलो की दोन कामं एकदम चालू असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष शिकणं, वाचणं, गणितं सोडवणं वगैरे, आणि दुसरं म्हणजे हे आपल्याला येतंय का, किती येतंय, पुढे जायचं का अजून इथेच बसायचं हे ठरवणं. पहिल्या कामाबद्दल सगळे बोलतात, किती तास बसलास, किती धडे झाले, पोर्शन कुठवर आलाय. दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की भरपूर मेहनत करूनही ज्यांच्या हाती काही लागत नाही त्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं या दुसऱ्या कामातच पेंड खात असतं.

या दुसऱ्या कामाला मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लेव्हल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. शब्द रूढ होण्याच्या थोडं आधी, १९७० साली, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. मुलांना पाठ करायला काही गोष्टी द्यायच्या आणि सांगायचं की हवा तेवढा वेळ घे, सगळं पाठ झालं अशी खात्री पटली की मला सांग. जरा मोठी मुलं "झालं" म्हणाली की खरंच घडाघडा म्हणून दाखवायची, आणि अगदी छोटी मुलं तेवढ्याच जोरात "झालं" म्हणायची पण म्हणून दाखव म्हटलं की बरंचसं गायब. छोट्यांना पाठच करता येत नव्हतं असं नाही हां, झालंय की नाही हे त्यांना आतून कळत नव्हतं. आणि आपण मोठे झालो म्हणून यातून पूर्ण सुटलो असं काही नाही, विषय नवा असला की आपणही तसंच "झालं झालं" करतो.

तर हे जे आतून कळणं आहे ते सुधारायचं कसं, त्याबद्दल हे सगळं. पण आधी 'मला वाटतं की मला येतं' या वाटण्यावर भरवसा का ठेवायचा नाही ते सांगतो, कारण ते पटल्याशिवाय पुढचं कुणी करत नाही, कारण पुढचं सगळं थोडं त्रासदायक आहे.

वाटणं कुठे फसवतं

एखादं पान दुसऱ्यांदा वाचलं की ते भराभर सरकतं, तिसऱ्यांदा तर डोळे नुसते घसरत जातात, आणि डोकं त्या सोपेपणालाच 'हे मला येतं' समजून बसतं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून सांगता येणं वेगळं. परीक्षेत हे प्रत्येकाने भोगलंय.. उत्तर डावीकडच्या पानावर खाली होतं हे आठवतं, शेजारची आकृती आठवते, कुठल्या रंगाने हायलाईट केलं होतं तेही आठवतं, फक्त उत्तर सोडून सगळं आठवतं.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दलचा, एक समुद्री पाणमांजरांबद्दलचा. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचायचा, दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचायचा आणि उरलेल्या तीन सत्रांत समोर उतारा नसताना आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के, लिहिणारे ७१. आठवड्याने घेतली तर सगळं उलटं, वाचणारे ४० वर घसरलेले आणि लिहिणारे ६१ वर. यातली खरी गंमत वेगळीच आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं सगळ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, आणि सगळ्यात जास्त खात्री कुणाला होती तर त्या चारही वेळा वाचणाऱ्यांना!

अजून एक. २०१३ च्या एका प्रयोगात एकाच बाईंचे दोन छोटे व्हिडिओ केले, विषय एकच, बोलणंही तेच, काळा-नारिंगी-पांढरा अशा ठिपक्यांच्या मांजरी जवळजवळ नेहमी मादीच का असतात. एका व्हिडिओत बाई ताठ उभ्या, डोळ्यात डोळे घालून, कागदाशिवाय सफाईदार बोलतायत, दुसऱ्यात मान खाली घालून, अडखळत, नोट्स वाचून दाखवतायत. सफाईदार व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटलं आपल्याला खूप आठवेल. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवलं. ऑनलाइन लेक्चर बघून "काय भारी शिकवतात, सगळं डोक्यात बसलं" असं वाटतं ना, तेव्हा ही मांजर आठवावी. शिकवणाऱ्याची सफाई आपण आपल्या खात्यावर जमा करून घेतो.

उलट पण होतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात असं दिसलं की ज्या मुलांना वर्गातच स्वतः झटापट करून प्रश्न सोडवायला लावले त्यांना वाटलं आपण कमी शिकलो, आणि ज्यांनी छान लेक्चर ऐकलं त्यांना वाटलं आपण जास्त शिकलो, आणि टेस्टमध्ये झटापटवाले पुढे. म्हणजे डोकं चालवायला लागल्यावर जो एक वैताग येतो तो बऱ्याचदा शिकणं चालू असल्याचा असतो आणि आपण त्याला 'मला हे जमत नाहीये' असं समजून पुस्तक बदलतो, नाहीतर व्हिडिओ बदलतो, नाहीतर क्लासच बदलतो.

म्हणून नुसत्या वाटण्यावरून ठरवणं म्हणजे ताप आहे का ते स्वतःच्याच हाताने स्वतःचं कपाळ चाचपून बघण्यासारखं आहे, हातही तेवढाच तापलेला असतो. बाहेरचं काहीतरी माप पाहिजे.

पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट: उशिरा विचारा

यातली फक्त एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. धडा संपल्या संपल्या "मला आलं का" असं स्वतःला विचारू नका, त्या क्षणी उत्तर कायम 'हो' येतं कारण सगळं अजून ताजं असतं. मध्ये दुसरा विषय करा, जेवून या, किंवा सरळ उद्यावर टाका, आणि मग विचारा.

हे थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवलं. लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि प्रत्येक जोडीसाठी विचारलं की नंतर पहिला शब्द दिला तर दुसरा आठवेल का. जोडी बघितल्या बघितल्या अंदाज विचारला तर तो जेमतेम, आणि मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन विचारला तर अंदाज कमालीचा बरोबर यायचा. पण त्यात एक मेख आहे जी लोक विसरतात. हा फायदा तेव्हाच होतो जेव्हा फक्त पहिला शब्द समोर असतो. दोन्ही शब्द समोर ठेवून विचारलं तर कितीही उशिरा विचारा, अंदाज परत भोंगळच.

आता हे रोजच्या अभ्यासात आणा. फ्लॅशकार्ड वापरणारे काय करतात, प्रश्न वाचतात, अर्धा सेकंद थांबतात, कार्ड उलटतात आणि म्हणतात "हां हां हेच, माहीत होतं". ते माहीत नव्हतं, ते ओळखीचं होतं. कार्ड उलटायच्या आधी उत्तर तोंडाने बोला किंवा लिहा, मनातल्या मनात अर्धवट नाही, पूर्ण वाक्य. बोलता नाही आलं तर ते नाही आलं असंच धरायचं, स्वतःला सवलत द्यायची नाही. फ्लॅशकार्ड नसतील तर पुस्तकातली हेडिंग्ज एका कागदावर उतरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या हेडिंग्जवरून बोला.

आणि एकदा बरोबर आलं म्हणून कार्ड गठ्ठ्यातून काढून टाकू नका. एकदा येणं म्हणजे नशीबही असू शकतं किंवा पाचच मिनिटांपूर्वी बघितलेलं असतं. माझा नियम सोपा आहे, तीन वेगवेगळ्या दिवशी न बघता बरोबर आलं तर बाजूला, तेही कायमचं नाही, महिन्याने एकदा परत गठ्ठ्यात.

दुसरी: लिहून समजावा, आणि पेन कुठे अडतं ते बघा

आठवणं झालं, आता समजण्याकडे येऊ. 'समजलंय' हे तपासायला सगळ्यात क्रूर साधन म्हणजे कोरा कागद. २००२ मध्ये लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारलं की पँटची चेन, संडासचा फ्लश, शिवणयंत्र, हेलिकॉप्टर असल्या गोष्टी कशा चालतात ते तुम्हाला किती कळतं, एक ते सात मध्ये मार्क द्या. लोकांनी चांगले मार्क दिले. मग म्हणाले आता पायरी पायरीने लिहून दाखवा. लिहून झाल्यावर परत मार्क द्यायला सांगितले तर लोकांनी स्वतःच स्वतःचे मार्क कमी केले. कुणी चूक दाखवायची गरजच पडली नाही, लिहितानाच कळलं.

एक करून बघूया. कागदावर लिहा, 'उन्हाळा आणि हिवाळा का होतो'. शाळेत सगळ्यांनी शिकलेलं आहे, सोपं आहे.

बरेच जण पहिलंच वाक्य लिहितात की पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. ठीक आहे, आता स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारा, मग एकाच वेळी उत्तर गोलार्धात उन्हाळा आणि दक्षिण गोलार्धात हिवाळा कसा? अख्खी पृथ्वीच जवळ गेली तर सगळीकडेच उन्हाळा पाहिजे. पेन अडलं. (खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५ कोटी २० लाखांच्या आसपास. म्हणजे उत्तर गोलार्धात कडाक्याची थंडी असते तेव्हाच आपण सूर्याला जवळ असतो.)

काही जणांना शाळेतलं आठवतं आणि ते लिहितात की पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. शाब्बास. आणि इथेच बहुतेक जण पेन खाली ठेवतात, कारण 'अक्ष कललेला' हे शब्द परीक्षेत मार्क मिळवून देतात. पण कललेला आहे, मग? त्याने काय होतं? इथे परत काही जण लिहितात की कललेला भाग सूर्याच्या जवळ येतो. अहो पण कोट्यवधी किलोमीटर अंतर आहे, त्यात कलण्यामुळे काही हजार किलोमीटरचा फरक पडला तर त्याने काय होणार. परत अडलं. इथून पुढे जायचं तर दोन गोष्टी लिहाव्या लागतात, एक म्हणजे सूर्याकडे कललेल्या भागावर ऊन जास्त सरळ पडतं, तेवढंच ऊन कमी जागेत गोळा होतं, आणि दुसरं तिथे दिवस मोठा असतो म्हणून तापायला वेळही जास्त मिळतो.

झालं? नाही अजून. सहा महिन्यांनी उलटं का होतं? अक्ष दुसरीकडे कलतो का? अक्ष वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो, पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचते, म्हणून आता दुसरा गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. हा दुवा भल्याभल्यांच्या उत्तरात नसतो आणि नसतो हे त्यांना माहीतही नसतं, कारण 'अक्ष कललेला आहे' एवढं आठवलं की आतून हिरवा दिवा लागतो.

तुमच्या विषयात हेच करायचं. प्रत्येक वाक्यानंतर 'मग?' आणि 'कशावरून?' हे दोन प्रश्न, आणि जिथे पेन थांबलं तिथे ठळक फुली. नंतर पुस्तक उघडायचं आणि फक्त त्या फुलीचं उत्तर शोधायचं, अख्खा धडा परत वाचायचा नाही. अख्खा धडा वाचणं हा त्या फुलीपासून पळून जायचा एक सभ्य मार्ग आहे, माझं हे मत जरा कडक वाटेल पण बघा पटतंय का.

कोणाला समजावून सांगितलं तरी चालतं, पण समोरचा माणूस भिडस्त नको, मान डोलावणारा असेल तर उपयोग शून्य. लहान मूल उत्तम. तेही नसेल तर मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि परत ऐका, ऐकायला लाज वाटते हे खरं पण 'म्हणजे ते असं असतं ना' असं कितीदा म्हणालो ते मोजलं तरी पुरे.

वाचता वाचता

हे थोडक्यात. एलन मार्कमन यांनी १९७७ मध्ये छोट्या मुलांना पत्त्यांच्या एका खेळाचे नियम सांगितले आणि त्यातला एक अत्यंत महत्त्वाचा भाग मुद्दाम गाळला, त्या नियमांनी खेळ खेळताच येणार नाही असा. छोट्या मुलांना काही खटकलं नाही, कळलं का विचारलं तर कळलं म्हणाली, प्रत्यक्ष खेळायला लागल्यावर मग अडली. मोठ्यांचंही लांबलचक मजकुराबाबत असंच होतं, दोन परिच्छेद एकमेकांच्या विरुद्ध असले तरी आपण सुखाने पुढे जातो.

म्हणून दर एक-दोन पानांनी थांबायचं आणि आत्ता काय वाचलं ते एका वाक्यात सांगायचं. नाही आलं तर मागे. आणि प्रक्रिया किंवा कृती असेल तर (कोडिंग, प्रमेय, प्रयोग, व्याकरणाचा नियम) नुसतं वाचून पुढे जायचंच नाही, एक उदाहरण स्वतः करून बघायचं. व्हिडिओ बघून एखादी गोष्ट करता येईल असं वाटायला लागतं पण वीसदा बघूनही हाताला ती येत नाही, हे २०१८ च्या एका अभ्यासात दिसलंय, त्यात टेबलावरचं कापड भांडी न पाडता ओढायची ट्रिक आणि मूनवॉक असल्या गोष्टी होत्या. जितक्या जास्त वेळा व्हिडिओ बघितला तितका लोकांचा कॉन्फिडन्स वाढला, कौशल्य होतं तिथेच.

तिसरी: खात्रीचे मार्क द्या

सराव प्रश्न सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करायची, उत्तरं तपासायच्या आधी. तीन पुरेत.. 'पक्कं', 'बहुतेक', 'अंदाजपंचे'. मग उत्तरं तपासा आणि बघा. 'बहुतेक' वाला ढीग बाजूला ठेवा, त्याचं पुढे सांगतो. उरलेल्यांचे चार ढीग पडतात आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

पक्कं आणि बरोबर, त्याच्याकडे सध्या वेळ घालवू नका. अंदाजपंचे आणि चूक, हे तुम्हाला माहीतच होतं की येत नाही, नीट शिकायला घ्या. अंदाजपंचे आणि बरोबर, हा ढीग लोक सोडून देतात कारण मार्क तर मिळाला ना! पण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही, याला चूकच समजा. आणि पक्कं पण चूक.. हा खरा खजिना आहे. यातच तुमच्या डोक्यात घट्ट बसलेली उलटी समजूत सापडते आणि ती नुसत्या वाचनाने कधीच सापडली नसती, कारण वाचताना तुम्ही तो भाग 'हे तर येतं' म्हणून उडवत आलात. यात एक दिलासा आहे. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना २००१ मध्ये असं दिसलं की ठाम खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं आणि लगेच बरोबर उत्तर दाखवलं तर ते इतर चुकांपेक्षा जास्त चांगलं सुधारतं. धक्का बसतो ना, म्हणून लक्ष जातं. फक्त बरोबर उत्तर बघायचं टाळू नका, नुसता मार्क बघून पेपर घडी करून ठेवणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही.

चुकांची वही ठेवा, पण त्यात बरोबर उत्तर सुंदर अक्षरात उतरवत बसू नका. चूक कशी झाली ते लिहा. माहीतच नव्हतं, की माहीत होतं पण त्या वेळी आठवलं नाही, की दोन सारख्या गोष्टींत गोंधळ झाला, की प्रश्नातला 'नाही' वाचलाच नाही, की आकडेमोडीत घसरलो. 'सिली मिस्टेक' हा शब्द या वहीत बंद करा, त्या एका शब्दाखाली पाच वेगवेगळे रोग झाकले जातात. वहीत काही पानं भरली की मागे जाऊन बघा, तुमची एक ठराविक तऱ्हा दिसेल. एखाद्याच्या निम्म्या चुका प्रश्न नीट न वाचण्याच्या निघतात आणि तो मात्र रात्रभर जागून अजून धडे वाचत असतो.

डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचा तो प्रसिद्ध अभ्यास १९९९ चा, त्यात टेस्टमध्ये तळाला असलेले लोक, म्हणजे सरासरी शंभरातल्या फक्त बारा जणांच्या पुढे असलेले, स्वतःला बासष्ट जणांच्या पुढे समजत होते. लोक ते दुसऱ्यांना टोमणे मारायला वापरतात. माझ्या मते ते फक्त स्वतःवर वापरायचं.

स्वतःला ओळखणं म्हणजे लेबल लावणं नाही

"मी व्हिज्युअल लर्नर आहे", "मला ऐकूनच समजतं" असं बरेच जण सांगतात आणि त्यालाच सेल्फ अवेअरनेस समजतात. प्रत्येकाची शिकायची एक शैली असते आणि त्या शैलीत शिकवलं की जास्त समजतं, याला २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळून बघितल्यावर पुरेसा पुरावा सापडला नाही. तुम्हाला काय आवडतं ते तुम्हाला माहीत आहे एवढंच त्यातून कळतं. नकाशा शिकायचा तर बघावाच लागेल आणि उच्चार शिकायचा तर ऐकावाच लागेल, तुमची शैली काही का असेना.

त्यापेक्षा खाली दिलेलं बघा, हे मोजता येतं. बसण्याआधी लिहा, हे काम किती वेळात होईल. झाल्यावर खरा वेळ लिहा. १९९४ च्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, सरासरी अंदाज आला ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती? तर म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५! म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. तुमचा स्वतःचा फरक किती पटीचा आहे ते दोन आठवड्यांत कळतं, मग टाइमटेबल करताना सरळ त्या पटीने गुणायचं. दीडपट निघाला तर दीडपट, लाज कसली.

सोबत अजून एक कॉलम करा, त्या वेळी डोकं कसं होतं, ताजं की दमलेलं, आणि फोन खोलीत होता की बाहेर. आणि दुसऱ्या दिवशीच्या टेस्टमध्ये त्यातलं किती आलं. इथेही वाटण्याला विचारायचं नाही, "मी रात्री भारी अभ्यास करतो" हे वहीने सांगितलं तरच खरं.

आता आज काय करायचं हे कसं निवडायचं. अगदी सोपं करत बसलं की छान वाटतं आणि अगदी अवघड घेतलं की काहीच पुढे सरकत नाही. वेळ कमी असेल तर आधी 'बहुतेक' वाला ढीग घ्या, जे हातात येता येता निसटतंय ते, तिथे थोड्या वेळात जास्त मिळतं. वेळ भरपूर असेल तर अवघडाकडे जा. पुरे कधी करायचं? पुढची दहा मिनिटं घालवली आणि नवीन काहीच कळलं नाही, की तिथून उठायचं, विषय बदलायचा किंवा कुणाला तरी विचारायचं. आणि विचारताना "मला हा धडा कळला नाही" असं विचारू नका, त्यावर समोरचा अख्खा धडा परत सांगतो. "इथपर्यंत कळलं, या ओळीवरून पुढच्या ओळीवर कसं गेले ते कळलं नाही" असं विचारलं की दोन मिनिटांत सुटतं.

जपून

हे सगळं दर मिनिटाला करायचं नाही. सतत 'मला कळतंय का, कळतंय का' चालू राहिलं तर कळायला डोकं उरत नाही. सुरू करताना दोन मिनिटं, मध्ये थांबे, आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी, एवढं बस. जे हाताला सवयीने येतं, टायपिंग, वाद्य, पोहणं, ते करताना तर अजिबात नाही, नंतर रेकॉर्डिंग बघा. आणि काही जणांना उलटा आजार असतो, सगळं येत असूनही काहीच येत नाही असं वाटत राहतं, त्यांनाही हाच कागद उपयोगी आहे, 'अंदाजपंचे' लिहिलेली उत्तरं सारखी बरोबर येत असतील तर आता पुढच्या धड्याकडे जा बाबा.

परीक्षेत

एकदा लिहिलेलं उत्तर बदलू नये, पहिलं मनात येतं तेच बरोबर असतं, असं घरी, क्लासमध्ये सगळे सांगतात. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर आणि मंडळींनी दीड हजारांहून जास्त मुलांचे पेपर तपासून खाडाखोड मोजली. ५१ टक्के बदल चुकीवरून बरोबरकडे गेले होते, २५ टक्के बरोबरवरून चुकीकडे, बाकीचे एका चुकीवरून दुसऱ्या चुकीकडे. मग सगळ्यांना उलटं का वाटतं? कारण बरोबर उत्तर खोडून चूक केलेलं जन्मभर आठवतं आणि चूक सुधारून मिळवलेला मार्क घरी पोचेपर्यंत विसरलेला असतो.

पण म्हणून सगळंच बदलत सुटायचं असंही नाही. उत्तर लिहिताना त्याच क्षणी, डगमगत लिहिलं असेल तर रफ पानावर तो प्रश्न नंबर टिपून ठेवा. शेवटी वेळ उरला की फक्त त्या नंबरांकडे परत जा आणि बदलायला काही ठोस कारण सापडलं, म्हणजे प्रश्नातला सुटलेला शब्द, विसरलेलं सूत्र, चुकलेलं चिन्ह, तर बिनधास्त बदला. पेपर संपता संपता आठवून "याची मला खात्री होती का" असं ठरवायला गेलात तर तेव्हा सगळ्याचीच खात्री वाटते किंवा कशाचीच वाटत नाही, म्हणून ती टीप लिहितानाच करायची. नेहमीच्या सराव परीक्षांमध्ये हीच टिपणं जपून ठेवलीत तर महिन्याभरात कळेल की तुमचं डगमगणं बरोबर जागी असतं का भलत्याच जागी.